स्पार्टाकसच्या लढ्याला ‘लुटारूंचे बंड’ म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन रोमविषयी जो लेख आला, त्यात रोमविरुद्ध गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या स्पार्टाकसवर दोन परिच्छेद आहेत. मराठी वाचकाला हा विषय क्वचितच वाचायला मिळतो, म्हणून लेखकाचे आणि आपले प्रथम आभार मानतो. मात्र त्या परिच्छेदांना ‘लुटारूंचे बंड’ असे उपशीर्षक दिले आहे, स्पार्टाकसला शेवटी वधस्तंभावर खिळले असे विधान केले आहे आणि शिस्त नसल्यामुळे ही झुंड संपली, असा निष्कर्ष काढला आहे. सोलापुरात छत्तीस वर्षे इतिहास शिकवल्यानंतर हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही.

स्पार्टाकसविषयी आज जे काही आपल्या हाती आहे, ते सगळे रोमच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी लिहिलेले आहे. सॅलस्ट या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथाचे तुकडे तेवढे उरले आहेत. प्लुटार्क आणि ॲपियन या ग्रीक लेखकांनी लेखणी हाती घेतली तेव्हा घटनेला पावणेदोनशे ते सव्वादोनशे वर्षे उलटून गेली होती. गुलामांपैकी कोणाचेही एक अक्षर मागे राहिलेले नाही. म्हणून हे ग्रंथकार जेव्हा स्पार्टाकसला लुटारू म्हणतात तेव्हा ते जपून घ्यावे, आणि जेव्हा त्याचा एखादा गुण नाइलाजाने नोंदवतात तेव्हा मात्र त्याला पुरेसे वजन द्यावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

स्पार्टाकस थ्रेसचा, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या बाजूचा. कापुआ येथे लेंटुलस बाटियाटस नावाच्या माणसाची ग्लॅडिएटरांची तालीम होती आणि तेथे लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांना मारण्याचे शिक्षण गुलामांना दिले जाई. इ.स.पू. ७३ मध्ये तेथील सुमारे २०० जणांनी पळून जाण्याचा बेत केला. तो फुटला. तरीही प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे ७८ जण स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया हाती घेऊन बाहेर पडले आणि व्हेसुव्हियस डोंगरावर चढले. ग्लाबर नावाच्या रोमन अधिकाऱ्याने ३००० सैनिकांनिशी खाली उतरण्याची एकमेव वाट अडवली. बाकी सगळीकडे सरळ तुटलेला कडा होता. डोंगरमाथ्यावर रानद्राक्षांचे वेल माजलेले होते. या लोकांनी त्यांच्या चिवट फांद्या तोडून शिड्या विणल्या, रात्री कड्यावरून खाली उतरले आणि मागच्या बाजूने येऊन रोमन छावणी उधळून लावली.

हा प्रसंग वर्गात सांगत असताना सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला, शाळेला येण्याआधी घरी सुताच्या कांड्या भरणारा एक मुलगा उठून म्हणाला होता, “सर, वेल ओले असतानाच पिळले असणार, सुकल्यावर पीळ बसत नाही.” हे मला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते. प्लुटार्कने येथे एक तपशील दिला आहे, तो मला त्या शिड्यांहूनही मोलाचा वाटतो. सगळे उतरले तरी एक जण वर थांबला. त्याने सगळ्यांची शस्त्रे एकेक करून खाली सोडली आणि मग सर्वांत शेवटी तो स्वतः उतरला. खाली शत्रू, वर कोणी नाही, आणि आपली पाळी येईपर्यंत शिडी टिकेल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी तो माणूस काम संपेपर्यंत जागचा हलला नाही. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ज्यांच्यात असा एक जण मागे थांबतो आणि बाकीचे निर्धास्तपणे रिकाम्या हातांनी उतरतात, त्यांना झुंड म्हणता येत नाही.

पुढे त्यांना गुराखी, मेंढपाळ आणि शेतांवर राबणारे गुलाम येऊन मिळाले. शेतांवरची काही स्वतंत्र माणसेही आली, असे ॲपियन सांगतो. त्यांच्याकडे ढाली नव्हत्या, म्हणून त्यांनी वेताच्या जाळीवर जनावरांची कातडी ताणून त्या केल्या. गुलामांना डांबून ठेवण्याच्या कोठड्यांतले लोखंड त्यांनी वितळवले आणि त्याच्या तलवारी घडवल्या. मिळालेली लूट स्पार्टाकस सर्वांना समान वाटत असे. व्यापाऱ्यांनी छावणीत सोने-चांदी आणू नये आणि आपल्या माणसांनी ते घेऊ नये, असा त्याचा हुकूम होता. लोखंड आणि तांबे मात्र दाम देऊन भरपूर विकत घेतले जाई. हे सगळे रोमच्या बाजूच्या लेखकांनीच लिहून ठेवले आहे.

त्यांच्या हातून घडलेली दुष्कृत्येही मी झाकू इच्छित नाही. वाटेतल्या गावांत त्यांच्या लोकांनी अत्याचार केले, स्पार्टाकस त्यांना आवरू पाहत होता आणि ते त्याला जमले नाही, असे सॅलस्ट सांगतो. त्याचा साथीदार क्रिक्सस मारला गेल्यावर त्याने ३०० रोमन कैद्यांना आपसांत लढवून मारले. ज्या खेळात तो स्वतः भरडला गेला होता, तोच खेळ त्याने इतरांकडून करवून घेतला आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण शिस्तीचाच मुद्दा काढायचा असेल तर समोरची बाजूही सांगायला हवी. क्रॅसस हा रोममधला अतिश्रीमंत माणूस सेनापती झाला, तेव्हा त्याच्या हाताखालची एक तुकडी शस्त्रे टाकून पळाली होती. त्याने त्यांतल्या ५०० जणांचे दहा-दहांचे गट पाडले आणि प्रत्येक गटातला एक जण चिठ्ठी टाकून निवडून सर्वांदेखत ठार करवला. लेखात या शिस्तीचा उल्लेख नाही.

आल्प्सच्या वाटेवर, मुटिना येथे, रोमन सुभेदाराचा पराभव करून वाट मोकळी झाली असताना हे लोक दक्षिणेकडे का वळले, यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत. प्लुटार्क त्यांच्या लुटीच्या हावेला दोष देतो. मला स्वतःला वाटते की, इटलीच्या शेतांतच जन्मलेल्या गुलामाला आल्प्सपलीकडे घर नव्हतेच. दक्षिणेला समुद्री चाच्यांनी पैसे घेऊन दगा दिला. क्रॅससने इटलीच्या टोकाशी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत खंदक खणून त्यांना कोंडले आणि एका बर्फाच्या रात्री तो खंदक माती-फांद्यांनी बुजवून ते बाहेर पडले. इ.स.पू. ७१ मधल्या शेवटच्या लढाईत मांडीला भाला लागल्यावर स्पार्टाकस गुडघ्यावर बसून, ढाल पुढे धरून लढत राहिला. त्याचे प्रेत सापडले नाही. तो वधस्तंभावर मेला हे त्याच्यावरच्या चित्रपटात दाखवले आहे, इतिहासात तसे नाही. वधस्तंभावर चढवले गेले ते जिवंत पकडलेले ६००० जण, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेला. ते अंतर सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे आपण सोलापूरहून विजयपूरला जाऊन परत यावे तेवढे, आणि त्या संपूर्ण वाटेवर दर तीस-पस्तीस मीटरला एक माणूस.

इतके होऊनही रोमने क्रॅससला मोठ्या विजययात्रेचा मान दिला नाही, धाकटी मिरवणूक दिली, कारण गुलामांशी झालेल्या लढाईला युद्ध म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शब्दांचे हे राजकारण सोलापूरकरांना नवे नाही. मे १९३० मध्ये इंग्रज राजवटीविरुद्ध येथे जो उठाव झाला त्याला सरकारने दंगल म्हटले, लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले. आपण त्यांना दंगलखोर म्हणत नाही, हुतात्मे म्हणतो. याच शहरात तारेच्या कुंपणाआड, हजेरी देत, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसे राहत होती. त्यांना तसे ठरवणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्या कुंपणाआडच्या वस्तीचा ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. कुंपण घालणाऱ्याने आतल्या माणसाला दिलेले नाव इतकी वर्षे टिकते, हे ज्या गावाने पाहिले, त्या गावातल्या वर्तमानपत्राने स्पार्टाकसचे वर्णन करताना रोमच्या सिनेटचा शब्द उचलू नये, एवढीच माझी तक्रार आहे. ‘गुलामांचा उठाव’ हे दोन शब्द त्या जागी पुरेसे होते.

दुरुस्ती पहिल्या पानावर यावी असा माझा आग्रह नाही. ज्या पुरवणीत ते परिच्छेद आले तिथेच, वधस्तंभाविषयीचे विधान चुकीचे होते आणि उपशीर्षक मागे घेत आहोत, अशा चार ओळी छापाव्यात. शाळेतली मुले पुरवणीतली कात्रणे वहीत चिकटवतात आणि त्यांतले पुष्कळसे पुढे उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरते, हे मी छत्तीस वर्षे पाहिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सोलापूर