पुंगळ्या स्वच्छ हव्यात, लखलखीत नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पितळी भांडी चमकवायच्या युक्त्या काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्यांवरही सर्रास केल्या जातात. काचा पुसायचे द्रव, पितळेचे पॉलिश, फरशी घासायचे ॲसिड, जे हाताशी असेल ते. जुन्या पुंगळ्या जमवणाऱ्याचा यात संग्रह बिघडतो. परवाना असलेला नेमबाज, कायद्याने मुभा आहे तिथे, तीच पुंगळी पुन्हा भरून वापरणार असेल तर मात्र प्रकरण जिवावर बेतू शकते. हे काम घरच्या घरी, अगदी थोड्या खर्चात आणि कुठल्याही यंत्राशिवाय चांगले होते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी अमोनियाबद्दल. पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. पितळेची चकती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी घडवतात, त्यामुळे धातूत ताण साठून राहतो. अमोनिया अशा ताणलेल्या पितळेच्या कणांमधल्या सांध्यांवर हल्ला करतो आणि तिथून तडे जातात. ब्रिटिश फौजेला हा अनुभव भारतातच आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत, आणि त्यामागे घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया होता. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी या तडकण्याची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. असा तडा सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा बाटलीवर अमोनिया किंवा अमोनियम हायड्रॉक्साइड लिहिलेले असेल तर ती पुंगळ्यांजवळ आणूच नये. पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्ये तो असतो.

फरशीचे किंवा संडासाचे ॲसिड पितळेतले जस्त खाते आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबे ठेवते. व्हिनेगरमध्ये मीठ घालायची युक्ती झटपट काम करते खरी, पण मिठातला क्लोराइड नेमके हेच नुकसान करतो. ब्लीचचा तर इथे काहीच उपयोग नाही, आणि ते ॲसिडमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हवे ते सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्वाची पूड. कामाला बसण्याआधी पुंगळ्या निवडून घ्याव्यात. प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहावे आणि तिचे बूडही पाहावे. न उडालेला प्रायमर (बुडातली, ठोका बसताच पेटून दारू उडवणारी छोटी टोपी) किंवा जिवंत काडतूस ढिगात चुकून राहिले असेल तर ते बाजूला काढावे. पाण्यात भिजला की प्रायमर निकामी होतो हा समज खोटा आहे. मग लोहचुंबक फिरवावे. पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी पुंगळ्या त्याला चिकटतात. त्या राहून गेल्या तर पाण्यात उतरलेले तांबे त्यांच्यावर चढते आणि सगळा घाणा बिघडतो. निकेलचा मुलामा असलेल्या चंदेरी पुंगळ्याही वेगळ्या काढाव्यात, ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिल्या की त्यांचे पापुद्रे निघतात. लहान मापाची पुंगळी मोठीत शिरून अडकते आणि दोघींच्या मधला भाग तसाच काळा राहतो, म्हणून एका वेळी एकच माप घ्यावे.

दोन लिटरची झाकणाची प्लास्टिक बरणी घ्यावी आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. तिच्यात पिस्तुलाच्या शंभरेक पुंगळ्या, एक लिटर गरम पाणी (हाताला चटका बसेल इतके, पण उकळते नको), १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड म्हणजे सपाट दोन चमचे, आणि भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब. साबण जास्त पडला तर फेस होऊन पुंगळ्या एकमेकींवर घासत नाहीत. झाकण लावून दोन मिनिटे हलवावे, पाच मिनिटे ठेवावे, पुन्हा हलवावे. असे दहा ते पंधरा मिनिटे पुरते. आधी पाणी काजळीने काळपट होते, मग निळसर हिरवी झाक येते. ही झाक विरघळलेल्या तांब्याची. ती दिसली की ऑक्साइड सुटतो आहे हे कळते, आणि आता थांबायची वेळ जवळ आली हेही. रात्रभर भिजत घालून काही जास्त मिळत नाही, उलट जस्त जाऊ लागते.

पुंगळीवर फिकट गुलाबी छटा आली तर लगेच घाबरू नये. तांबूस ऑक्साइड ॲसिडमध्ये गेल्यावर त्याचा काही भाग तांबे होऊन तसाच पृष्ठभागावर बसतो. बोटाने किंवा फडक्याने घासल्यावर तो निघतो. गुलाबी डाग खोल असेल, खरखरीत लागत असेल आणि घासूनही जात नसेल, तर तिथले जस्त गेलेले आहे. ती पुंगळी भंगारात.

पाणी निथळून साध्या पाण्याने दोनदा खळबळावे. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात अर्धा मिनिट हलवावे आणि पुन्हा धुवावे. हा सोड्याचा टप्पा बरेच जण गाळतात. पुंगळीत उरलेले ॲसिड मग चार दिवसांत ठिपके पाडते. शेवटचे धुणे शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याचे असेल तर क्षारांचे पांढरे डागही राहत नाहीत.

वाळवताना घाई नडते. जुन्या टॉवेलमध्ये घालून दोन्ही टोके धरून हलवावे, म्हणजे आतले पाणी बाहेर येते. मग तोंड खाली करून जाळीवर पसरावे. रायफलच्या निमुळत्या मानेच्या पुंगळीत पाणी अडकते, आणि वापरलेला प्रायमर काढलेला नसेल तर त्याच्या मागेही ओल राहते. उन्हात किंवा पंख्याखाली दोन दिवस तरी द्यावेत. गॅसची ज्योत अजिबात नको. पुंगळीचे बूड मुद्दाम कडक ठेवलेले असते आणि मान नरम. साधारण अडीचशे अंशांपुढे हे पितळ नरम पडू लागते, आणि नरम बुडाची पुंगळी बार उडताना दाब सोसू शकत नाही. खाण्याच्या ओव्हनमध्ये तर शिशामुळे ठेवूच नयेत.

हे शिसे सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट हे शिशाचे स्फोटक संयुग असते आणि वापरलेल्या पुंगळीतल्या काजळीत त्याचा अंश उरतो. कोरड्या पद्धतीत, अक्रोडाच्या कवचाच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात पुंगळ्या फिरवताना, हीच धूळ हवेत उडून श्वासात जाते. म्हणून स्वस्तात काम करायचे तर ओली पद्धतच बरी. हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत करावे, लहान मुलांना लांब ठेवावे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पिशवीत बांधून कपड्यांच्या धुलाई यंत्रात पुंगळ्या टाकायची एक युक्ती प्रचलित आहे. ती कृपा करून कोणी करू नये. त्याच यंत्रात बाळाचे कपडेही धुतले जातात.

जुन्या लष्करी काडतुसांचे दोन अपवाद. पोटॅशियम क्लोरेटच्या प्रायमरमधून मिठासारखा क्षार उरतो. त्याला ॲसिड नको, नुसते गरम पाणी तो विरघळवते. पाऱ्याचा प्रायमर उडालेल्या पुंगळीचे पितळ पाऱ्यानेच कमकुवत झालेले असते, ते धुऊन सुधारत नाही. अशी पुंगळी फक्त संग्रहात ठेवावी, आणि संग्रहातल्या पुंगळीला साबणपाण्यापुढे काही लावू नये. तिच्यावरचा जुना रंग आणि बुडावरची छाप यांतच तिचे मोल आहे.

धुतलेल्या पुंगळ्या उजेडात पाहाव्यात. मानेवर केसासारखी रेघ किंवा बुडाच्या जरा वर चकाकणारे कडे दिसले तर ती बाद. कडे म्हणजे आतून भिंत पातळ झाली आहे आणि तिथूनच पुंगळी तुटणार. तारेचे टोक वाकवून आत फिरवले तर तिथली खाच बोटाला जाणवते. मूठभर पुंगळ्या खुळखुळवल्या तर चिरलेलीचा आवाज बद्द येतो.

धुण्याच्या पाण्यात शिसे आणि तांबे असते. ते झाडांना घालू नये, ओढ्या-नाल्यातही सोडू नये. बादलीत दिवसभर ठेवून गाळ बसू द्यावा आणि जाड फडक्यातून गाळून घ्यावे. तो गाळ, ते फडके आणि गाळूनही विरघळलेले तांबे पोटात असलेले ते पाणी, तिन्ही झाकणाच्या डब्यांत भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावेत.

आपला,
एक वाचक