झग्यापेक्षा मलमल महागात पडली

महोदय,

अठराव्या शतकातील फ्रेंच दरबारी झग्यांवरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. कमरेला दोन्हीकडे वेताचा सांगाडा बांधून घेर आडवा फुगवायचा आणि दारातून तिरके शिरायचे, हौस म्हणावी की शिक्षा! पण खरी गंमत राहूनच गेली. १७८३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात विजे ल ब्रँ या चित्रकर्तीने राणी मारी आंत्वानेतला साध्या पांढऱ्या मलमलीत रंगवले, तर राणी आतल्या कपड्यांत बसली म्हणून गहजब झाला. चित्र उतरवून रेशमी पोशाखातले लावावे लागले. फ्रान्समधल्या ल्यों शहरातील रेशीम विणकरांच्या पोटावर पाय येतो, हीही ओरड झाली. भारतीय चिटांवर, म्हणजे छापील सुती कापडावर, तर फ्रान्समध्ये १६८६ ते १७५९ बंदीच होती. यावरही लिहावे.

– एक वाचक, सातारा