विषय : स्वीट कॉर्नचं बियाणं न उगवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. पाचवा करणार नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्या दोन पाकिटांत मिळून 120 दाणे होते. 100 टोकले, 23 उगवले. लेबलवर उगवणशक्ती किमान 90 टक्के छापली आहे, मुदतही संपलेली नव्हती. उरलेले 20 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, आठ दिवसांत चारांनाच मोड आले. यात माझ्या मातीचा काय दोष?

आजचा माणूस म्हणाला, "काका, किती एकर?" म्हटलं, एकर नाही, घरामागचं परडं, पाच ओळी. त्यावर तिकडे कोणीतरी हसलं, मला स्पष्ट ऐकू आलं. "मग ती हौस झाली. हौसेची तक्रार आम्ही घेत नाही." मी लॉट नंबर सांगायला लागलो तर मध्येच, "कोकणात मका कशाला लावता? भात लावा ना." वर म्हणे, न उगवलेल्या दाण्यांचे फोटो पाठवा. पंधरा दिवस मातीत कुजलेले दाणे मी उकरून काढायचे! लॉट नंबर शेवटपर्यंत कोणी लिहून घेतला नाही.

याच परड्यात आमची आई पावसाळ्यात गावठी मका लावायची. बियाण्याची कणसं चुलीवर धुरात टांगलेली असायची. तुमच्या संकरित वाणाचं बी घरी धरून उपयोग नाही, म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला.

आणि जे 23 उगवले तेही गेल्यातच जमा. तुऱ्यातला पराग वाऱ्याने शेजारच्या कणसाच्या केसांवर पडायला हवा, एका केसामागे एक दाणा. म्हणून तर लांब एक ओळ न करता पाच ओळी जवळजवळ घेतल्या. आता रोपं इतकी लांब लांब आहेत की कणसं अर्धी बोडकीच निघणार. शिमग्याला मुंबईची माणसं घरी येतात, तोवर कणसं तयार व्हावीत म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीलाच पेरलं होतं. ती वेळ कोण भरून देणार?

भेंडी, पडवळ, दोडका, सगळं बी इतकी वर्षं तुमचंच घेत आलो. फार वाईट वाटलं.

पाकिटांचे पैसे आणि या लॉटच्या उगवण चाचणीचा अहवाल हवा. 90 टक्के छापायचं आणि शंभरातले 23 उगवायचे, याचं लेखी उत्तर द्या. 15 दिवसांत आलं नाही तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 1966 चा बियाणे कायदा लेबलवरचा आकडा बघतो, घेणाऱ्याची जमीन किती एकर ते विचारत नाही. दोन्ही पाकिटं, बिल आणि गोणपाटातले ते 16 दाणे जपून ठेवले आहेत.

तुमचा ग्राहक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी