तळमजल्यावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आपल्या शहराचं नाव काढलं की लोक आधी 'जपून राहा हं' म्हणतात. उगाच म्हणतात असंही नाही. माझी सायकल आपल्याच जिन्याखालून चोरीला गेली.

खरं सांगू? तुमची ती जिन्यापाशी मांडलेली खुर्ची सुरुवातीला मला नकोशी वाटायची. 'आज उशीर झाला?', 'कोण आलं होतं?' माणसाला चौकशा तरी किती!

बाबांना विसर पडायला लागल्यापासून आम्ही दाराला वरची कडी लावतो. त्या मंगळवारी ती राहिली. ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात बूट. तुम्ही हात धरून थांबवलं असतं तर ते भडकले असते (आम्ही घरचे नेमकं तेच करतो). तुम्ही विजेचं बिल पुढे केलंत. ''चष्मा सापडत नाही हो, जरा आकडे वाचून दाखवता?'' आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस, लगेच पायरीवर बसला. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला तुम्ही माझ्याकडे पिटाळलंत. मी धावत आले तर बाबा तुम्हाला मागची थकबाकी समजावून सांगत होते, तुम्ही मान डोलावत होतात, आणि चष्मा तुमच्याच खिशातून डोकावत होता.

शिकागोही असंच बदनाम शहर. तिथल्या 343 वस्त्यांमधल्या 8,782 रहिवाशांच्या मुलाखतींवरून समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं, की शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा असतो आणि ते वेळेला मध्ये पडतात, तिथे हिंसाचार कमी असतो. गरिबी हिशेबात धरली तरी. त्यांनी लोकांना एक प्रश्न असा विचारला होता: शाळा बुडवून कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना शेजारी काही बोलतील का? वाचताना हसूच आलं. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला तुम्ही किती वेळा शाळेकडे हाकललंय!

आता उशीर झाला की का झाला ते मीच आधी सांगून टाकते.

बाबांना तो दिवस आठवत नाही, पण खुर्चीजवळून जाताना ते दर वेळी विचारतात, ''यांनी बिल भरलं का?'' भरलं असेल तर एकदा त्यांना सांगा. उद्या पुन्हा विचारतील, तेव्हाही सांगा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची