आई-बाबा, आता मी गोवंडीच सांगतो

आई, बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलं पिक्चर झाला का, तर मी नुसतं हो म्हणालो, बाजूला पोरं बसलेली आणि मला भरून आलेलं. म्हणून लिहितोय. झाला. २२ मिनिटांचा आहे, डायरेक्शन माझं, मेन रोल मीच केलाय आणि म्युझिक पण मीच.

म्हणजे मीच म्हणतोय, पण बाबा, ते खरं तुमचं आहे. गावाला जायच्या आदल्या रात्री तुम्ही गल्लीत पुठ्ठे पेटवून हलगी शेकत होता, टिचकी मारून बघायचं, अजून ढिलीय म्हणायचं, परत जाळावर धरायची, ते सगळं मी मोबाईलवर घेतलेलं. ती टिचकी आणि मग ती पहिली कडकडीत थाप, तिथनंच माझं रॅप सुरू होतं. पोरं विचारतात, हा बीट आणलास कुठनं.

आई, तुझं काठीला बांधलेलं लोहचुंबक पण आहे. देवनारच्या डम्पिंगवरनं आलीस की त्याला चिकटलेले खिळे तू एकेक करून डब्यात टाकायचीस, तो आवाज तसाच ठेवलाय. जानेवारी २०१६ ला डम्पिंग पेटलं तेव्हा शाळेला सुट्टी मिळाली म्हणून मी खूश, आणि तू ओला रुमाल माझ्या तोंडाला बांधून रात्रभर उशाशी बसलेलीस, बाबा खोकत होते. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथं येऊन पडतोय आणि ज्यांचा कचरा तेच आपला पत्ता ऐकून तोंड वाकडं करतात. हे तेव्हा कळत नव्हतं, मला नुसती लाज वाटायची. कॉलेजची सगळी वर्षं मी चेंबूरला राहतो असंच सांगितलं. मित्र बाईकवरनं सोडायला आला की चेंबूर नाक्यालाच उतरायचो आणि तिथनं चालत घरी यायचो, तू विचारायचीस उशीर का झाला आणि मी काहीतरी थाप मारायचो. हे तुम्हाला कधी बोललो नव्हतो. माफ करा.

पिक्चरमध्ये पहिल्याच शॉटला मी कॅमेऱ्यात बघून बोलतो, घर गोवंडीला, शिवाजीनगर. एवढंच, पण ११ टेक लागले.

पुढच्या रविवारी आपल्याच गल्लीत पडदा लावतोय, चादरी शेजारच्या मावशी देणार आहेत. देवगिरीनं या, दादरला उतरा, मी असेन प्लॅटफॉर्मवर. बाबा, श्वासाचा पंप विसरू नका. आणि हलगी पोत्यात नीट गुंडाळून आणा, पुठ्ठे मी जमवून ठेवलेत.

तुमचा,
बाळू