पूर्ण डबा लाव

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो मिळाला. हिमोग्लोबिन 9, आणि खाली तू लिहितेस, "काळजी करू नको." अगं, मी आशाताई. गावातल्या पोरींच्या पापण्या खाली ओढून बघते, 12 च्या खाली असलं की त्यांच्या आयांना बोलते. आता माझ्याच पोरीचं 9!

फोनवर तू "हो आई, हो आई" करून विषय बदलतेस, म्हणून लिहितेय. पुण्यात तुझी काटकसर मोठी: अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं, बालभारतीची मोबाइलवर फुकट उतरवलेली, पेपर अभ्यासिकेत वाचायचा, गावी यायचं ते एसटीच्या अर्ध्या तिकिटात. बाबा पारावर हे सगळं सांगतात, मलाही भरून येतं. पण मेसच्या एका डब्यात दोघींनी जेवायचं? एका डब्यात पोळ्या असतात तरी किती?

पैसे वाचवायचे तर औषधात वाचव. महापालिकेच्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. किती घ्यायच्या ते डॉक्टरांना विचार. चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाणी चालेल. शी काळी होते, घाबरू नको. फुटाणे, शेंगदाणे, गूळ खोलीत ठेव. पण ते डब्याच्या जागी नाही हं.

बघ, लागले भाषण द्यायला. रागावू नको. माईचं काय झालं ते तुला ठाऊक आहे, म्हणून जीव राहत नाही.

नांदेडच्या लंगरमध्ये तू पहिल्यांदा बसलीस तेव्हा एवढीशी होतीस. पोळी दोन्ही हात पसरून घ्यायची असते, हे शेजारच्या बाईंचं बघून तूच शिकलीस आणि मलाही तसं करायला लावलंस. तीन पोळ्या खाल्ल्यास. पुण्यातही कॅम्पात गुरुद्वारा आहे, महिनाअखेरीला तिथे जाऊन जेव. 2020 मध्ये 10 रुपयांची शिवभोजन थाळी निघाली तेव्हा बाबा बाजाराच्या दिवशी रांगेत उभे राहून जेवायचे. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. त्यांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही, तूही वाटून घेऊ नको.

परीक्षा होशीलच गं तू पास. पण पूर्ण डबा लाव. त्याचे पैसे बाबांनी वेगळे टाकलेत, ते टेस्ट सिरीजला घालू नको.

तुझी,
आई

ता. क. महिन्याने रक्त परत तपास. आणि आज रात्री काय जेवलीस ते कळव.