हात लावण्याआधी विचारणाऱ्या अक्कांना

अक्का, सप्रेम नमस्कार.

हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा एक अंगठा पाठवून दिला असता आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या भुवया करायला घेतल्या असत्या. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव, गल्ली काही सांगत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. बेळगावात शहापूरकडच्या बायका ओळखतीलच म्हणा.

तुम्ही आम्हा तिघी मायलेकींचा मेकअप केलात त्या माझ्या लग्नाचा अल्बम आला. आई चष्मा लावून एका फोटोवर थांबली आणि म्हणाली, "अगं, ही मीच की!" अक्का, ह्या एका वाक्यासाठी तुमच्या पाया पडावंसं वाटलं, कारण साखरपुड्याचे फोटो आम्ही अजून कुणाला दाखवलेले नाहीत.

त्या वेळी आम्ही मोठ्या पार्लरमध्ये गेलो होतो. एसी, पांढरेशुभ्र दिवे, नवरीसोबत आई आणि बहिणीचं पॅकेज. तिथल्या बाईंनी एक बाटली उघडली आणि आम्हा तिघींच्या तोंडाला तीच फासली. माझं कपाळ आणि नाक तेलाने कायम चकाकतं, ताईचं नाक तेलकट पण गाल कोरडे, आणि आईची कातडी तर जानेवारीतल्या बेळगावच्या थंडीत नुसती खरखरीत होते. शिवाय तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळसर डाग. हे कुणी पाहिलंच नाही. आई हसली की ओठांच्या कडेला पावडर तडकायची, म्हणून बिचारी हसायचीच थांबली. माझ्या नाकावर तेल आलं तसं त्यावर पावडर, मग पुन्हा पावडर. शेवटी थराला पोपडे धरले. "नवरी उजळ दिसायला नको का?" म्हणत शेडही फिकट निवडलेली. सावळ्या रंगावर असली गुलाबीसर फिकट शेड राखेसारखी दिसते, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. तक्रार केली तर उत्तर आलं, "स्किनच तशी आहे तुमची, आम्ही काय करणार?"

हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. मुलतानी माती लाव, लिंबू चोळ, तूप खाऊ नको, असं प्रत्येक मावशी-काकू सांगून गेली. एका औषध दुकानदाराने तर न मागता ट्यूब हातात ठेवली, "आठवड्यात गोरी होशील." आठवड्यात उजळले खरी. क्रीम थांबवल्यावर मात्र चेहरा लालबुंद होऊन पहिल्यापेक्षा जास्त मुरुम उठले.

अशी मी तुमच्या खुर्चीत येऊन बसले. जबड्याखाली एक मोठा मुरुम ठणकत होता. खरं सांगू, मी डोळे मिटूनच घेतले होते, कारण पुढचं मला पाठ होतं: हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे फिरवायचं, "अय्यो, काय हे!" म्हणायचं आणि बोटाने दाबून बघायचं. तुम्ही अंगठ्या काढल्या. हात धुतले, पुसले. आणि चेहऱ्यापासून वीतभर लांब हात थांबवून तुमच्या त्या कानडी हेलाच्या मराठीत विचारलंत, "हात लावू काय? कुठं दुखतंय ते आधी सांगा."

अक्का, माझ्या तोंडाला आजवर किती जणींनी हात लावला असेल. दुखतंय का, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं आणि तुम्ही ते न बघितल्यासारखं करून ड्रॉवर आवरत बसलात. तेही मी बघितलं.

पुढचं सगळं त्या प्रश्नातूनच आलं असं मला वाटतं. त्या दिवशी तुम्ही मेकअप केलाच नाहीत. ती ट्यूब मागून घेतलीत, मागची बारीक अक्षरं वाचलीत आणि सांगितलंत, "ह्यात स्टेरॉइड आहे, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी हात लावणार नाही." स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. हातचं गिऱ्हाईक डॉक्टरांकडे पाठवणारं पार्लर मी तरी दुसरं बघितलं नाही. लग्नाच्या तोंडावर ब्लीच नको, फेशियल नको, हे सांगताना तुमचेच पैसे बुडत होते.

आणि मग लग्नाचा दिवस. मे महिना, कार्यालयात कोंदट उकाडा, दुपारचा मुहूर्त, मुंडावळ्यांखाली घामाच्या धारा. तुमची पेटी एकच, पण तिघींसाठी तिघींचे हिशेब वेगळे. माझ्या तेलकट तोंडाला तुम्ही आधी क्रीम लावायला घेतलंत तेव्हा ताई ओरडलीच, "अहो, तिला कशाला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तेलकट त्वचेलाही पाणी लागतंय की." हलकं जेलसारखं क्रीम, ते मुरेपर्यंत थांबणं, मेकअप धरून ठेवणारा प्राइमर फक्त नाकाच्या आजूबाजूला. बेस इतका पातळ की मला वाटलं विसरलात. दुखऱ्या मुरुमावर ओला स्पंज नुसता टेकवत होतात, एकदाही घासला नाहीत. ताईला पावडर फक्त कपाळावर आणि नाकावर, गाल तसेच सोडले. आईला तर पावडर जवळजवळ नाहीच. भरपूर क्रीम लावून तिला चहा प्यायला पाठवलंत, परत आल्यावर वांग झाकायला त्यावर नारिंगी रंगाचा अगदी पातळ हात, वर बेस, आणि गालांना पावडरीऐवजी क्रीमचा रंग. साठीला टेकलेली माझी आई आयुष्यात दुसऱ्यांदा पार्लरच्या हाती लागली होती, आणि ह्या वेळी हसत होती.

शेड बघायला तुम्ही मला आरशातल्या दिव्यांपुढून उठवून दारात, उजेडात उभं केलंत आणि गळ्याशी जुळवलंत. "नवरी जरा उजळ..." असं आत्याने सुरू केलं तर तुम्ही तिला पुरतं बोलूही दिलं नाहीत. "नवरी नवरीसारखी दिसू दे." आत्याला गप्प करणारं माणूस आमच्या घरात अजून जन्मलेलं नाही, म्हणून ह्याचे वेगळे आभार.

निघताना टिश्यूचा पुडा माझ्या चुलत बहिणीच्या हातात कोंबलात. आधी घाम-तेल टिपायचं, मगच पावडर. तिने ते इमानाने केलं. अक्षता पडेपर्यंत, जेवणाच्या पंगतीत आग्रह होईपर्यंत, आणि संध्याकाळी वळीव कोसळून आम्ही सगळे मांडवातून पळालो तोवर चेहरा जागेवर होता.

माणसाला हात लावताना त्याला विचारणं ही फार मोठी विद्या आहे का? नाही. गणपत गल्लीत बांगड्या भरणारे ते म्हातारे कासार आहेत ना, तेही हात दाबताना दरवेळी म्हणतात, "दुखलं तर सांग हं बाळ." त्यांच्याकडे कुठलं सर्टिफिकेट आहे भिंतीवर? त्या मोठ्या पार्लरमध्ये मात्र काचेच्या चौकटीत ओळीने लावलेली होती. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं चालतात, चालू देत. मला तुमचं कानडी येत नाही, तुमच्या मराठीत निम्मं कानडी, तरी माझ्या दुखऱ्या जागा तुम्हालाच नीट कळल्या.

अजून एक. हिशेब करताना तुम्ही आईचे पैसे लावले नाहीत. मी चूक दाखवली तर "अम्माचं कसलं घ्यायचं" म्हणून विषय संपवलात. म्हणून आईने तुमच्यासाठी कुंदा, आपली बेळगावी मिठाई, पाठवलाय. नाही म्हणू नका, डबा परत आला तर ती मलाच बोलेल.

आणि माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरतंय. निपाणीहून येऊ आम्ही, तारीख पक्की झाली की फोन करते. तिला सुगंधी क्रीम लावलं की गालांवर चट्टे उठतात. मी तिला सांगून ठेवलंय, अक्का आधी कानामागे थोडंसं लावून दुसऱ्या दिवशी बघतात, तेव्हा एक दिवस आधीच मुक्कामाला यायचं. तुमच्या जवळपास कुठे राहायची सोय होईल का, तेवढं कळवा. ह्या वेळी अंगठा पाठवून चालणार नाही.

तुमची,
खानापूरची, आता निपाणीची झालेली नवरी